प्रश्नाने उघडणारी पोथी

सारायेवोच्या संग्रहालयात एक ज्यू पोथी जपून ठेवलेली आहे. साधारण 1350 च्या सुमारास स्पेनच्या ईशान्य भागात, बहुधा बार्सिलोनाच्या आसपास, ती तयार झाली. पातळ चर्मपत्र, सोन्याचा वर्ख, गडद निळे आणि तांबडे रंग, सृष्टीच्या उत्पत्तीपासून मोशेपर्यंतची पानभर चित्रे. कोणा श्रीमंताने हौसेने करून घेतलेले हे काम आहे, हे पाहताक्षणी कळते. आणि तरी तिच्या पानांवर डाग आहेत, द्राक्षारस सांडल्याचे. आपल्याकडे पोथी म्हटली की रेशमी बासन, चौरंग आणि सोवळे आठवते. जेवणाच्या ताटांमध्ये, मुलांचा हात लागेल अशा जागी ती उघडून ठेवायची ही कल्पनाच आपल्याला रुचणार नाही. या पोथीची जागा मात्र तीच. ती देवळात वाचायची नसते. वर्षातून एका रात्री, घरी, सगळे कुटुंब जेवायला बसले असताना ती वाचतात. त्या रात्रीच्या विधीला ‘सेदर’ म्हणजे ‘क्रम’ म्हणतात आणि पोथीला ‘हगादा’ म्हणजे ‘सांगणे’. पोथीचे नाव कोणा ऋषीवरून किंवा देवतेवरून पडले नाही, एका क्रियेवरून पडले. बापाने मुलाला सांगायचे, ही ती क्रिया. ज्यू माणसाचे देवाशी असलेले नाते समजून घ्यायला मला तरी या डागाळलेल्या पोथीइतकी चांगली वाट दिसत नाही. ती वाट धरून आपण मागे जाऊ.

मुळात पोथी नव्हती, कोकरू होते. बायबलच्या ‘निर्गम’ या पुस्तकात मिसर देशातल्या गुलामांची ती रात्र सांगितली आहे. प्रत्येक घराने एक कोकरू किंवा करडू मारायचे, त्याचे रक्त दाराच्या चौकटीला लावायचे आणि मांस भाजून बेखमीर भाकरीबरोबर, कडू पाल्याबरोबर घाईघाईने खायचे. कंबर कसलेली, पायांत जोडे, हातात काठी. त्या रात्री परमेश्वर मिसरच्या ज्येष्ठ पुत्रांना मारत गेला आणि रक्ताची खूण असलेली घरे ओलांडून पुढे गेला, अशी कथा आहे. या सणाला मराठी बायबलने ‘वल्हांडण’ असा शब्द दिला. ओलांडून जाणे त्या शब्दातच बसलेले आहे, आणि मूळ हिब्रू ‘पेसाह’चा पारंपरिक अर्थही तोच. पण याच प्रकरणात, कोकराच्या सूचनांच्या गर्दीत, एक वेगळी गोष्ट आपल्या नजरेतून सुटता कामा नये. पुढे मुले विचारतील की हा विधी कशासाठी, तेव्हा त्यांना सांगा, अशी आज्ञा तिथे आहे. ‘निर्गम’ आणि ‘अनुवाद’ या दोन पुस्तकांत मिळून मुलाला सांगण्याची ही गोष्ट चार वेळा येते. तीन ठिकाणी मूल विचारते. चौथ्या ठिकाणी ते विचारत नाही, तरीही बापाने सांगायचेच. पुढच्या शास्त्र्यांनी या चार वचनांतून चार मुलगे उभे केले: शहाणा, दुष्ट, भोळा आणि ज्याला प्रश्नच सुचत नाही असा. हगादाच्या चित्रकारांना या चौघांनी शतकानुशतके काम पुरवले आहे.

घराघरांतला हा विधी पहिल्यांदा घराबाहेर काढला तो एका राजाने. इ.स.पू. 622 च्या सुमारास यहूदाचा राजा योशिया याने गावोगावची पूजास्थाने मोडली आणि वल्हांडणाचा यज्ञ यरुशलेमलाच व्हावा असे ठरवले. न्यायाधीशांच्या काळापासून असा सण झाला नव्हता, अशी नोंद ‘राजे’ या ग्रंथात आहे. नोंद कौतुकाची आहे, पण तिच्या आड घरच्या उंबऱ्याचा मान गेलेला आहे. सगळे मात्र यरुशलेमकडे गेले नाहीत. आज आस्वानपाशी नाईल नदीत एलिफंटाइन नावाचे बेट आहे. पर्शियन साम्राज्याच्या चाकरीतल्या ज्यू शिपायांची तिथे वसाहत होती आणि त्यांचे स्वतःचे देऊळही होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे पपायरसवरची जुनी पत्रे सापडली. त्यांतल्या इ.स.पू. 419 च्या एका पत्रात हनन्या नावाचा माणूस बेटावरच्या म्होरक्याला सांगतो की निसान महिन्याच्या 15 ते 21 तारखांना खमीर वर्ज्य करा, शुद्ध राहा, काम करू नका. पत्राचा कागद फाटका आहे आणि बरेच शब्द गेले आहेत. तरी त्यातली गंमत उरतेच. मिसरमधून सुटल्याचा सण मिसरमध्येच राहून, तिथल्या पगारावर जगणारी माणसे पाळत होती. बेटावर मेंढ्याच्या मुखाचा खनूम देव पुजला जाई. त्याच्या पुजाऱ्यांना शेजारी होणारा कोकरांचा यज्ञ खुपला असावा, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. इ.स.पू. 410 मध्ये ते ज्यू देऊळ पाडले गेले, एवढे मात्र त्या पत्रांवरून नक्की कळते.

यरुशलेमचे दुसरे मंदिर उभे होते तोवर वल्हांडण म्हणजे यात्राच होती. आपल्याला आषाढीची पंढरी डोळ्यांसमोर आणावी लागेल. माणसे कोकरू घेऊन तीन तुकड्यांनी अंगणात शिरत, लेवी वंशाचे सेवक स्तोत्रे गात, रक्त वेदीवर शिंपले जाई. मग ते कोकरू डाळिंबाच्या लाकडाच्या सळीवर भाजून शहरातच जथ्याजथ्याने बसून खायचे. इतिहासकार जोसीफस एका वर्षी अडीच लाखांहून अधिक जनावरे कापल्याचा आकडा देतो. तो कोणी शब्दशः घेत नाही, पण गर्दीचा अंदाज त्यावरून येतो. इ.स. 70 मध्ये रोमन सेनापती टायटसच्या सैन्याने मंदिर जाळले आणि हे सगळे एका उन्हाळ्यात संपले. वेदी गेली, तसा यज्ञ गेला. पुढच्या निसानच्या पौर्णिमेला काय करायचे?

उत्तर एकमुखी नव्हते. रोमच्या ज्यूंमध्ये थेउदास नावाचा एक वजनदार माणूस होता. त्याने लोकांना वल्हांडणाच्या रात्री अख्खे करडू भाजून खायची सवय लावली. जणू मंदिर अजून आहे. शास्त्र्यांनी त्याला निरोप धाडला: तू थेउदास नसतास तर तुला वाळीत टाकले असते. राब्बान गमलिएल या शास्त्र्याला मात्र असे भाजलेले करडू चालत असे. बहुमत त्याच्या विरुद्ध गेले आणि कोकरू ताटातून उठले. त्याच्या जागी शब्द आले. इ.स. 200 च्या आसपास यहूदा हानासीने संकलित केलेल्या ‘मिश्ना’त वल्हांडणावरच्या भागाचा दहावा अध्याय पाहिला, तर आजच्या सेदरचा सांगाडा तिथे उभा दिसतो. द्राक्षारसाचे चार पेले, आणि ते सर्वांत गरीब माणसालाही मिळाले पाहिजेत, मग धर्मादायातून का होईना. दुसरा पेला भरला की मुलाने विचारायचे. मूल अजाण असेल तर बापाने त्याला प्रश्न शिकवायचे. गमलिएलचेही एक म्हणणे तिथे नोंदलेले आहे: कोकरू, बेखमीर भाकर आणि कडू पाला या तीन गोष्टींचा अर्थ ज्याने उलगडून सांगितला नाही, त्याचे कर्तव्य पुरे झाले नाही. यात कोकरू नुसते उच्चारायचे आहे. यज्ञ करणाऱ्या पुरोहिताचे काम असे घरातल्या बापाकडे आणि शेंडेफळाकडे वाटून आले.

या नव्या विधीचा साचा कुठला होता हे पाहिले, तर गंमत वाटते. ज्यांनी मंदिर जाळले त्याच जगातला. ग्रीक-रोमन उमरावांच्या मेजवानीत पाहुणे डाव्या कोपरावर रेलून बसत, दास पाणी आणि द्राक्षारस आणत, भाजीचे तुकडे चटणीत बुडवून खात आणि जेवणाच्या निमित्ताने विद्वत्तापूर्ण प्रश्नोत्तरे चालत. शास्त्र्यांनी हे सगळे घेतले. रेलणे ही स्वतंत्र माणसाची बैठक, म्हणून त्या रात्री गरिबातल्या गरिबानेही रेलूनच जेवायचे. एका गोष्टीला मात्र त्यांनी दार बंद केले. मेजवानीनंतर टोळक्याने गात-नाचत दुसऱ्याच्या घरी शिरायचे, या ग्रीक धिंगाण्याला त्यांनी मनाई केली. त्या धिंगाण्याचा ग्रीक शब्द हिब्रूत ‘अफिकोमान’ झाला. पुढे त्याचा मूळ अर्थ सगळे विसरले आणि जेवणाच्या शेवटी खायच्या बेखमीर भाकरीच्या तुकड्यालाच ते नाव चिकटले. युरोपातल्या घरांत मुले तो तुकडा पळवून लपवतात आणि बक्षीस कबूल झाल्याखेरीज परत देत नाहीत. मनाई केलेल्या दंग्याचे नाव शेवटी मुलांच्या दंग्यालाच मिळाले.

प्रश्नही बदलत गेले. मिश्नाच्या जुन्या हस्तलिखितांत मुलाचे तीन प्रश्न आहेत आणि त्यांतला एक विचारतो की आज मांस भाजलेलेच का. कोकरू गेल्यावर या प्रश्नाला अर्थ उरला नाही. तो गळला, कडू पाला आला, आणि रेलून बसण्याबद्दलचा प्रश्न आला. असे ते चार झाले. ज्याला ‘मा निश्ताना’ म्हणतात ते हे चार प्रश्न. आज ते अनादि वाटतात, पण त्यांचाही एक इतिहास आहे. उत्तराची रीत मिश्नाने एका वाक्यात दिली होती: लाजेपासून सुरुवात करायची आणि स्तुतीपाशी संपवायचे. लाज कोणती? तिसऱ्या शतकात बाबिलोनच्या रव आणि शमुएल या दोन पंडितांचा यावर वाद झाला. रव म्हणाला, आपले पूर्वज मूर्तिपूजक होते ही लाज. शमुएल म्हणाला, आपण गुलाम होतो ही लाज. एकाला देवापासूनचे अंतर डाचत होते, दुसऱ्याला माणसाची अवनती. हगादाने दोन्ही उत्तरे ठेवून दिली, एकामागून एक. उत्तराच्या या घडणीत आणखी एक गोष्ट झाली. ज्याने लोकांना बाहेर काढले तो मोशे या कथेतून जवळजवळ नाहीसा झाला. रूढ हगादात त्याचे नाव एखाद्या उद्धृत वचनाच्या ओघात तेवढे येते. सोडवणारा देवच, कोणी दूत नाही, हे पोथी ठासून सांगते. इतक्या मोठ्या नायकाला स्वतःच्याच कथेत असे बाजूला बसवणे दुसऱ्या कुठल्या परंपरेला जमले असते का, याची मला शंका आहे.

हगादात पाच पंडितांची एक छोटी गोष्ट आहे. बने बराक गावी ते रात्रभर मिसरमधून सुटल्याची कथा सांगत बसले आणि पहाटेच्या प्रार्थनेची वेळ झाल्याचे शिष्यांनी येऊन सांगितले तेव्हा कुठे थांबले. मिश्नाच्या जोडीचा ग्रंथ ‘तोसेफ्ता’ हीच रात्र वेगळी सांगतो. तिथे गाव लोद आहे, बैठक राब्बान गमलिएलची आहे, आणि कोंबडा आरवेपर्यंत चर्चा चालली ती कथेची नव्हे, वल्हांडणाच्या कायद्यांची. म्हणजे त्या रात्री बसून नेमके काय बोलायचे हेही सुरुवातीला ठरलेले नव्हते. कथेने कायद्यावर मात केली, पण सावकाश. लोद हे गाव आपण लक्षात ठेवू.

मजकूर पक्का झाला तो बगदादच्या राज्यात. नवव्या शतकात सूरा येथील विद्यापीठाचे प्रमुख अमराम गाओन यांनी स्पेनच्या ज्यूंच्या विनंतीवरून वर्षभराच्या प्रार्थनांचा क्रम लिहून धाडला. त्यात हगादाचा सगळा मजकूर होता. दहाव्या शतकात सादिया गाओन यांनी आपली प्रत केली आणि बाराव्या शतकात मैमोनिदेस यांनी आपल्या धर्मसंहितेला एक जोडली. अमरामच्या आधीच्या नात्रोनाय गाओन यांनी तर आखूड हगादा वाचणाऱ्यांना पाखंडी ठरवले होते. पुढे 1896 पासून कैरोच्या जुन्या सिनेगॉगमधला कागदांचा ढीग अभ्यासकांच्या हाती आला. त्या ‘गेनिझा’त हगादाची जी पाने निघाली, त्यांत पॅलेस्टाइनच्या ज्यूंची आखूड हगादाच होती. नात्रोनाय यांना जे पाखंड वाटले, ते जुन्या वळणाचे पाठ होते. नवे कोणते आणि जुने कोणते, हा घोळ धर्माच्या इतिहासात नेहमीचाच.

तेराव्या-चौदाव्या शतकांत हगादा प्रार्थनाग्रंथातून वेगळी निघून स्वतंत्र पुस्तक झाली, आणि चित्रकारांच्या हाती लागली. 1300 च्या सुमारास दक्षिण जर्मनीत केलेल्या एका पोथीत ज्यू माणसांच्या धडांवर पक्ष्यांची डोकी आहेत. का, यावर अजून एकमत नाही. बार्सिलोनाची ‘सोनेरी हगादा’ साधारण 1320 ची, ती आता लंडनला आहे. सारायेवोची पोथी त्यानंतरची. पण याच शतकांत त्या रात्रीवर सावलीही पडली. 1096 च्या पहिल्या क्रुसेडमध्ये ऱ्हाईन नदीकाठच्या ज्यू वस्त्या कापल्या गेल्या. त्यानंतरच्या काळात हगादात देवाच्या कोपाला आवाहन करणारी स्तोत्रवचने आली. पुढे ती म्हणताना दार उघडण्याची प्रथा पडली. बाराव्या शतकापासून ख्रिस्ती मुलांना मारल्याचा आणि पुढे त्यांचे रक्त वापरल्याचा खोटा आळ ज्यूंवर येऊ लागला आणि तो पुढे वल्हांडणाला चिकटला. सतराव्या शतकात पोलंडचे दाविद हालेवी यांनी लिहून ठेवले की या आळामुळे लाल द्राक्षारस टाळतात. मिसरवर आलेल्या दहा अरिष्टांची नावे घेताना प्रत्येक नावाला थेंबभर द्राक्षारस बोटाने बाहेर टाकायची रीतही मध्ययुगीन जर्मनीतली. तेव्हाचा खुलासा साधा होता: ही अरिष्टे आपल्यावर न येवोत. शत्रू बुडाला म्हणून आपला पेला तेवढा उणा, हा आज घरोघरी सांगितला जाणारा सुंदर अर्थ बराच अलीकडचा आहे. मला तो खोटा वाटत नाही. प्रथा जुनी राहून अर्थ नवा होणे, याच मार्गाने ही पोथी जगली आहे.

छपाई आली आणि हगादा वाऱ्यावर पसरली. स्पेनच्या ग्वादालाहारात 1482 च्या सुमारास पहिली छापील प्रत निघाली. दहा वर्षांत स्पेनमधून ज्यूच हाकलले गेले. प्रागला 1526 मध्ये गेर्शोम कोहेन यांनी लाकडी ठशांची देखणी हगादा छापली. तिच्यात सशांची शिकार आहे. ज्यूंना ससा निषिद्ध, मग हे चित्र कशाला? सण शनिवारी रात्री आला की पाच आशीर्वादांचा क्रम लक्षात राहावा म्हणून आद्याक्षरे जोडून ‘यकनहज’ असा शब्द केला होता. जर्मन कानांना तो ‘सशामागे धाव’ असा ऐकू येई. तेवढ्या श्लेषावर ससे पोथीत शिरले. प्रागच्याच 1590 च्या प्रतीत शेवटी दोन गाणी छापली गेली. त्यांतले एक एका करडाचे: बापाने दोन नाण्यांना घेतलेले करडू मांजर खाते, मांजराला कुत्रा चावतो, मग काठी, आग, पाणी, बैल, खाटीक, मृत्यूचा दूत आणि शेवटी देव. आपल्याकडच्या साखळी-गोष्टी ऐकत वाढलेल्या कोणालाही ते चटकन पाठ होईल. मुलांना उशिरापर्यंत जागे ठेवायला ते होते. व्हेनिसला 1609 मध्ये इटालियन, यिडिश आणि लादिनो या तिन्ही भाषांच्या वाचकांसाठी हगादा निघाली. योगायोग असा की सारायेवोची जुनी पोथी तेव्हा इटलीत होती आणि त्याच 1609 मध्ये चर्चच्या तपासनिसाने तिच्यात आक्षेपार्ह काही नसल्याची सही केली. ती सही अजून शेवटच्या पानांत आहे. 1695 च्या आम्स्टरडॅम हगादाची ताम्रचित्रे अब्राहम बार याकोब यांनी केली. ते मूळचे जर्मन ख्रिस्ती पाद्री, धर्मांतर करून ज्यू झालेले. त्यांनी मेरियन या ख्रिस्ती चित्रकाराच्या बायबल-चित्रांवरून आपली चित्रे बेतली. दुष्ट मुलगा तिथेही पूर्वीप्रमाणे शिपाई आहे. ज्यांनी शतकानुशतके शिपायांचे बूट दारात ऐकले, त्यांना दुष्टपणाचा दुसरा पोशाख सुचला नाही.

आता आपण कोकणात येऊ. बेने इस्राएल हा तिथला ज्यू समाज आपली कथा अशी सांगतो: अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचे जहाज फुटले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि पोथ्या समुद्रात गेल्या. ही कथा इतिहास म्हणून तपासता येत नाही, पण तिच्यातला तपशील मला मोठा सूचक वाटतो. हा पोथी हरवलेला समाज होता. तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून ‘शनवार तेली’. ‘शमा’ ही एक प्रार्थना त्यांच्या तोंडी उरली होती. किहीम, तळे, दिवे, पेण अशा गावांची नावे आडनावांत आली आणि सणांची नावे मराठी झाली. योम किप्पूर झाला ‘दारफाळणीचा सण’, कारण त्या दिवशी दारे लावून घरात बसायचे. वल्हांडण झाला ‘अनशी ढाकाचा सण’. आंबवलेल्या रसाचे भांडे झाकून ठेवायचा तो सण. या समाजाचे इतिहासकार हाईम शमुएल किहिमकर यांनी ही नावे नोंदवून ठेवली. आपण क्षणभर या नावापाशी थांबू. कथा विसरली गेली, मिसर विसरला गेला, प्रश्न विसरले गेले. खमीर झाकून ठेवायचे, एवढे स्वयंपाकघराने लक्षात ठेवले. घरे चुन्याने पांढरी करायची, भांड्यांना कल्हई लावायची. पुरुषांच्या हातून पोथी गेली, पण बायकांच्या हातून भांडे सुटले नाही.

कथा परत आली ती कोचीनच्या ज्यू शिक्षकांकडून, आणि थोडी अनपेक्षित दिशेने. समाजाच्या आठवणीत दाविद राहबी हे नाव पहिल्या गुरूचे आहे. 1796 मध्ये शमुएल दिवेकर यांनी मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले. बेने इस्राएल त्याला ‘मशीद’च म्हणत. त्यानंतर ख्रिस्ती मिशनरी आले. जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरणाचे पुस्तक काढले. हिब्रू शिकवले की ही माणसे ख्रिस्ताकडे वळतील, असा त्यांचा हिशेब होता. माणसे हिब्रू शिकली आणि आपल्याच सिनेगॉगकडे वळली. 1846 मध्ये मुंबईत शिळाछापावर मराठी भाषांतरासह हगादा निघाली. रात्रभर कथा सांगण्याची आज्ञा कोकणी माणसाला पहिल्यांदा छापील मराठीत वाचता आली. पुढे 1874 मध्ये पुण्यात सचित्र प्रत निघाली. तिचे कर्ते मोशे याकोब आणि अहरोन दानिएल हे दोघे तळकर, आणि छापखाना विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांचा. अग्निहोत्र्यांच्या यंत्रावर ज्यूंची पोथी! त्या काळच्या पुण्याला याचे फारसे आश्चर्य वाटले नसावे, आणि तेच मला आवडते. तिची चित्रे युरोपातल्या हगादांच्या वळणाची आहेत, पण बेखमीर भाकरी करण्याच्या चित्रांत साडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून पीठ मळतात आणि लाटतात. मिसरच्या आठवणीची भाकर महाराष्ट्राच्या मांडीवर आली. द्राक्षारसाऐवजी बेदाणे भिजवून काढलेले शरबत. ‘बेखमीर भाकर’ या शब्दातली भाकर आपल्याला कधी खटकतही नाही.

विसाव्या शतकात हगादाच्या इतक्या आवृत्त्या झाल्या की हिशेब ठेवणे अशक्य. अमेरिकेत मॅक्सवेल हाउस कॉफीच्या कंपनीने 1932 पासून डब्याबरोबर हगादा फुकट वाटायला सुरुवात केली. कॉफीचे दाणे म्हणजे सणात वर्ज्य असलेले कडधान्य नव्हे, हे लोकांना पटवायचे होते. जाहिरातीची ती चोपडी इतकी रुजली की 2009 मध्ये व्हाइट हाउसमधल्या सेदरलाही तीच होती. पॅलेस्टाइनमधल्या किबुत्झांनी, म्हणजे सामूहिक शेतीच्या वसाहतींनी, आपापल्या हगादा टंकून काढल्या. त्यांत पिके, पाऊस, वसंत आणि मजूर आले. देव बाजूला सरला, काही ठिकाणी पार गेला, पण मुलांचे चार प्रश्न कोणी काढले नाहीत. 1941 मध्ये न्यूयॉर्कच्या मोर्डेकाय कॅप्लान यांच्या गटाने अरिष्टे वगळली आणि मोशेला परत कथेत आणले. 1946 च्या एप्रिलात म्युनिकमध्ये छळछावण्यांतून वाचलेल्यांनी सेदर केला. योसेफ दोव्ह शेइन्सन यांनी त्यासाठी लिहिलेल्या हगादात मिसरचा राजा फारो याच्या जागी हिटलर आहे, आणि मिकलोश आडलर यांच्या लाकडी ठशांत धुराडी. ही पोथी वाचताना हात थरथरतो. देवाने स्वतः येऊन सोडवले या वाक्याचे त्या माणसांनी काय केले असेल? शेइन्सन यांनी वाक्य काढले नाही, त्याच्या शेजारी आपला विचार ठेवला. 1969 मध्ये वॉशिंग्टनला आर्थर वॉस्को यांनी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येच्या वर्षश्राद्धाला काळ्या आणि गोऱ्या लोकांना एकत्र बसवून ‘स्वातंत्र्याचा सेदर’ केला. सारायेवोची जुनी पोथी या शतकात दोनदा मरता मरता वाचली. 1942 मध्ये नाझी सेनापती ती मागायला आला तेव्हा दरविश कोर्कुत या मुस्लिम ग्रंथपालाने ती लपवून बाहेर नेली. 1992 च्या वेढ्यातही तिला गोळीबारातून हलवण्यात पुढाकार एका मुस्लिम माणसाचाच होता.

1948 नंतर बेने इस्राएल हजारोंनी इस्राएलला गेले. तिथे विवाहाच्या बाबतीत त्यांच्या ज्यू असण्याकडे संशयाने पाहिले गेले. उपोषणे आणि मोर्चे झाले, तेव्हा 1964 मध्ये सरकारने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले. ज्यांच्या स्वयंपाकघराने सण टिकवला होता, त्यांना कागद दाखवावा लागला. बेअर शेवा, दिमोना, अश्दोद या गावांबरोबर त्यांची मोठी वस्ती लोदमध्ये झाली. हे तेच लोद, जिथे राब्बान गमलिएल कोंबडा आरवेपर्यंत बोलत बसले होते. आता तिथल्या घरांत मुले चार प्रश्न हिब्रूत विचारतात, कारण त्यांची शाळा हिब्रू. ‘पुढच्या वर्षी यरुशलेमात’ हे शेवटचे वाक्य म्हणताना थोडी अडचण होते, कारण बसने तास-दीड तासाची वाट उरलेली असते. एल्याहू संदेष्ट्यासाठी एक पेला भरून ठेवतात आणि दार किलकिले करतात. जगभरचे ज्यू असे करतात. तो कुठून येईल हे कोणाला माहीत नसते. लोदमधल्या काही वृद्ध माणसांना मात्र माहीत आहे. अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावर त्याच्या घोड्याची टाप उमटलेली त्यांनी लहानपणी पाहिली होती.